आगर कोणाचे?

जमीन ही हवा, पाणी आणि सूर्यप्रकाशासारखीच आहे, तिच्यावर कोणाची मालकी असू शकत नाही, हे विनोबांच्या भूदानामागचे मूळ प्रतिपादन. ते इतके उदात्त वाटते की माणसे हात जोडतात आणि पुढे जातात. ते तपासून पाहायचे तर विनोबांच्याच मुलखातले मिठागर घ्यावे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते जन्मले ते गागोदे बुद्रुक पेण तालुक्याच्या डोंगराळ भागात आहे. त्याच तालुक्यात खाडीच्या अंगाला खारेपाट पसरला आहे. तिथे आगरी समाजाने पिढ्यानपिढ्या भात आणि मीठ दोन्ही पिकवले. उधाणाचे पाणी आत घ्यायचे, उन्हात टप्प्याटप्प्याने आटवायचे, पायांनी तुडवून घट्ट केलेल्या वाफ्यांत मीठ धरू द्यायचे आणि पहिल्या पावसाआधी ते ओढून राशी घालायच्या. यात समुद्र कोणाचा नाही, ऊन कोणाचे नाही. मग मीठ कोणाचे?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याचे उत्तर सरळ आहे : निसर्गाच्या देण्यात ज्याने आपले श्रम मिसळले, त्याची ती वस्तू. विनोबांवरचा सर्वांत सबळ आक्षेप हाच आहे, आणि तो मी अर्धा मान्य करतो. वाफा आपोआप होत नाही. पण श्रमांनी मालकी ठरत असेल, तर मीठ तुडवणाऱ्याचे आणि ओढणाऱ्याचे व्हायला हवे. ज्याच्या नावावर आगर आहे त्याचे नव्हे. शिवाय खाडीचा बांध एका घराचा नसतो. तो एका जागी फुटला तर साऱ्यांच्या जमिनीत खारे पाणी शिरते, म्हणून तो सर्वांनी मिळून राखावा लागतो. श्रमाचा दाखला शेवटपर्यंत नेला तर तो एकट्याच्या मालकीशी थांबत नाही, समूहाशी येऊन पोचतो. जे सर्वांचे ते कोणीच राखत नाही, या आक्षेपालाही बांध हेच उत्तर आहे : राखणारे ठरलेले असले आणि त्यांचा वाटा ठरलेला असला, तर सामाईक वस्तू राखली जाते.

विनोबांचे तत्त्व मला म्हणूनच खरे वाटते. त्यांचा मार्ग मात्र अपुरा. दान मागताना देणाऱ्याची मालकी आधीच कबूल होते. १९५१ साली पोचमपल्लीत सुरू झालेल्या भूदानात लाखो एकर जमीन मिळाली, पण तिच्यातली बरीच पडीक होती आणि बरीच वाटलीच गेली नाही. पेणच्याच जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावात, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवल्या. हा हक्क मागण्याचा मार्ग होता, आणि उपाशी राहून चालवलेल्या त्या संपात मला दानाइतकेच नैतिक बळ दिसते. मिठाच्या सत्याग्रहानेही निसर्गाच्या देण्यावरचा कर अन्याय्य ठरवला, पण आगराची मालकी कोणाची हे विचारले नाही. १९४७ साली मिठावरचा कर गेला. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. पण मीठ पिकवणे ही त्या कायद्याच्या लेखी शेती नव्हती, आणि आगरात राबणारा त्या हक्काच्या बाहेरच राहिला.