बांधीवरचा सबक

पाच वर्षांच्या लेकराला मकतबात घातले की आपली जबाबदारी संपली, असे आपण मानतो. भंडारा जिल्ह्यात तर घराबाहेर पाऊल टाकताच सबक सुरू होतो. रोवणीच्या दिवसांत त्याला बांधीवर न्या, हातात एक पऱ्हा द्या आणि विचारा, याला कोण उगवतो? सूरह वाकिआच्या ६३ व ६४ व्या आयतींत अल्लाह तआला माणसाला हाच प्रश्न करतो. पुढची आयत मात्र टाळू नका. त्याने इच्छिले तर उभ्या पिकाचा चुरा होईल. तुडतुड्याने धान गेलेल्या वर्षी लेकरू विचारील, अल्लाहने आपलेच धान का नेले? तेव्हा त्याला गप्प करू नका. जवळ बसवा, आपणांसही दुःख झाले आहे हे सांगा आणि त्याच्यासोबत दुआ मागा.