पिकाच्या धन्याकडे मागणे

मत्तयाच्या शुभवर्तमानात नवव्या अध्यायाच्या शेवटी येशू शिष्यांपुढे एक अडचण मांडतो. शेतात पीक भरपूर उभे आहे आणि कापणीला माणसे अपुरी आहेत. कोणताही व्यवहारी माणूस यावर माणसे जमवण्याची योजना सांगेल. येशू मात्र पिकाच्या धन्याकडे कामकरी मागायला सांगतो. अध्याय इथे संपतो आणि पुष्कळ वाचक इथेच थांबतात. पण अध्यायांची ही विभागणी मूळ लेखकाने केलेली नाही, ती कित्येक शतकांनंतरची आहे. ती बाजूला ठेवून सलग वाचले तर दिसते की ज्या बारा जणांना मागायला सांगितले, त्यांनाच लगेच अधिकार देऊन गावोगाव पाठवले आहे. लूकच्या दहाव्या अध्यायात तर मागण्याची आज्ञा आणि निघण्याची आज्ञा यांच्यात श्वास घेण्याइतकीही फुरसत नाही. पाळक आणि मिशनरी मिळावेत म्हणून करायच्या प्रार्थनेचे महत्त्व मला इथे दिसते. ही प्रार्थना करणारा माणूस स्वतः मोकळा राहत नाही. कामकरी बहुधा मागणाऱ्यांमधूनच उभे राहतात.

याचा एक पुरावा मराठी ख्रिस्ती समाजाच्या मुळाशीच आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी 1806 च्या ऑगस्टमध्ये प्रार्थनेसाठी जमले असताना वादळी पाऊस आला आणि त्यांनी गवताच्या गंजीचा आडोसा घेतला. आशियात सुवार्ता पोचावी असा विषय सॅम्युएल मिल्स याने तिथे काढला. त्या वेळी परदेशात माणसे पाठवणारी एकही संस्था अमेरिकेत नव्हती. अशी संस्था, अमेरिकन बोर्ड, स्थापन झाली ती 1810 मध्ये, याच विद्यार्थ्यांच्या वर्तुळातून आलेल्या आग्रहामुळे. गंजीखालच्या पाचांपैकी मिशनरी म्हणून आशियात पोचला तो एकटा जेम्स रिचर्ड्स, आणि तोही सिलोनमध्ये. मुंबईला आला तो त्याच कॉलेजचा गॉर्डन हॉल. सॅम्युएल नॉटबरोबर तो 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरला, तेव्हा कंपनी सरकारला हे दोघे नको होते आणि त्यांना परत धाडण्याचे हुकूमही निघाले होते. ते टिकले आणि त्यांच्यामागून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. मराठी नवा करार, अहमदनगरचे काम, 1842 मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ नियतकालिक, जोतीराव फुले यांच्यावर प्रभाव टाकणारी सिंथिया फरार यांची मुलींची शाळा हे सारे त्याच मिशनचे. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारला. त्या पाच विद्यार्थ्यांना मराठी भाषा या जगात आहे हे तरी ठाऊक होते की नाही कोण जाणे. तरीही त्यांच्या मागण्याचे उत्तर या भाषेत आले.

दुसरे उदाहरण केडगावचे, आणि मला ते अधिक मोलाचे वाटते, कारण इथे मागणाऱ्याही आपल्याच आणि निघणाऱ्याही आपल्याच. पंडिता रमाबाईंनी 1905 च्या आरंभी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये रोज प्रार्थना करणारा एक गट सुरू केला. पुढे त्यांनी बायबल शाळेतल्या मुलींना विचारले की, इतर अभ्यास सोडून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला कोण जाईल? तीस तरुणी पुढे आल्या. या मुली कोण होत्या? मुक्तीत राहणाऱ्यांमध्ये बालविधवा, दुष्काळात पोरक्या झालेल्या आणि घरच्यांनी टाकलेल्या अशाच पुष्कळ जणी होत्या. कोणत्याही निवड समितीने त्यांच्याकडे सुवार्तिक म्हणून पाहिले नसते. प्रार्थनेने ‘लायक माणूस’ या कल्पनेची कक्षाच वाढवली. मनुष्यबळाच्या हिशेबात जे बसत नाहीत तेही धन्याच्या हिशेबात बसतात, हे मागितल्याशिवाय मंडळीच्या लक्षात येत नाही.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. ज्यांच्या प्रार्थनेमागून माणसे निघाली त्यांचाच इतिहास लिहिला जातो. ज्या मंडळ्यांनी वर्षानुवर्षे मागितले आणि कोणी उठले नाही, त्यांची नोंद कुठे असते? हे खरेच आहे. म्हणूनच, मागितले की माणूस हजर, असा दावा मी करत नाही. माझे म्हणणे एवढेच की जिथे कामकरी उठले तिथे पुष्कळदा संस्था आणि पैसा नंतर आला, मागणे आधी होते. मिशनरी हडसन टेलरने 1865 मध्ये ब्रायटनच्या समुद्रकिनारी चीनच्या अंतर्भागासाठी चोवीस जण मागितले आणि पुढच्याच वर्षी पहिल्या तुकडीबरोबर तो स्वतः जहाजात चढला. दुसरा आक्षेप असा की देवाला गरज ठाऊक असताना त्याला सांगायचे कशाला? येशूने हे डोंगरावरील प्रवचनातच मान्य केले आहे आणि त्याला लागूनच प्रार्थना शिकवली आहे. मागण्याने देवाच्या माहितीत भर पडत नाही, मागणाऱ्याला मात्र गरज दिसू लागते. राहिला प्रशिक्षणाचा आणि पगाराचा प्रश्न. ज्या मंडळीने मनापासून पाळक मागितला तिला त्याला उपाशी ठेवण्याचा हक्क उरत नाही, एवढे म्हणून मी पुढे जातो.

सर्वांत मोठी हरकत आपल्या देशातली आहे. अधिक मिशनरी मागणे म्हणजे शेजाऱ्याच्या धर्मावर डोळा ठेवणे, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते, आणि परकीय सत्तेच्या काळाच्या आठवणी पाहता त्या संशयाला तुच्छ लेखू नये. पण या प्रार्थनेचा आशय नीट पाहावा. शेत माझे नाही, पीक माझे नाही, मी केवळ धन्याकडे माणूस मागतो आहे, असे त्यात कबूल केलेले असते. असे कबूल करणाऱ्याला बळजबरी आणि आमिष दोन्ही वर्ज्य आहेत, कारण ती धन्याची रीत नाही. जिथे ती वापरली गेली तिथे प्रार्थना थांबून मोजणी सुरू झाली होती, असे माझे मत आहे. शिवाय कामकरी म्हणजे केवळ प्रवचनकार नव्हे. मिरजेत रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वॉनलेस मिशनरीच होते. आजही पाळकाचे बरेचसे आयुष्य रुग्णाच्या उशाशी, मयताच्या घरी आणि तुटू पाहणाऱ्या संसारांत जाते.

कॅथलिक चर्चमध्ये 1964 पासून दरवर्षी उत्तम मेंढपाळाच्या रविवारी, म्हणजे आता ईस्टर काळातील चौथ्या रविवारी, धर्मगुरू आणि व्रतस्थ यांच्या पाचारणासाठी जगभर प्रार्थना होते. इतर मंडळ्यांतही उपासनेत हा विषय येतो, पण बहुधा एका वाक्यापुरता, आजाऱ्यांची आणि परीक्षेला बसलेल्यांची नावे घेऊन झाल्यावर. त्या वाक्यात नाव कोणाचेच नसते. आजाऱ्यासाठी आपण नाव घेऊन मागतो, मग कामकऱ्यासाठी का नाही? पुढच्या रविवारी आपल्या मंडळीत हा विषय निघेल तेव्हा आपल्या मुलामुलींची नावे घेऊन मागा, आणि वय आडवे येत नसेल तर स्वतःचेही घ्या.