कडांचा अंधार

छायाचित्राच्या कडा हळूहळू काळोखात विरवून मधला चेहरा उजळ राखण्याच्या पद्धतीला ‘व्हिन्येट’ म्हणतात. पूर्वी छायाचित्रकार अंधारखोलीत पुठ्ठ्याच्या तुकड्याने मधला भाग झाकून कडांवर जादा प्रकाश पाडीत. तेवढा कागद धुतल्यावर अधिक काळा होई. आज मोबाईलवर बोट सरकवले की तेच घडते.

यात नीतीचा प्रश्न कोठे आला? नळदुर्ग किल्ल्यातील पाणीमहालाचे चित्र घ्या. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळत असताना भोवतीचे आकाश गडद केले, तर कोणाचेच काही जात नाही. नजर पाण्यावर ठरते, इतकेच.

लग्नातील सामुदायिक छायाचित्राचे मात्र तसे नाही. त्यात कडेला कोण उभे असते? विधवा आत्या, दूरचा गरीब नातलग, स्वयंपाकाला मदत करणारी शेजारीण. ती माणसे आधीच संकोचाने कडेला सरकलेली असतात. आपण त्यांच्यावर आणखी काळोख ओढतो. खोटे असे काही केलेले नसते, कोणाला पुसलेलेही नसते. तरीही कोण पाहण्याजोगे आणि कोण नाही, हे आपण परस्पर ठरवून टाकलेले असते.

कोणी म्हणेल, प्रत्येक छायाचित्र काही ना काही वगळतेच. खरे आहे. परंतु चौकटीबाहेर राहिलेल्याला आपण काही शब्द दिलेला नसतो. ज्याला ‘या, उभे राहा’ म्हणून बोलावले, त्याला मात्र दिलेला असतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे २०२३ पासूनच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर व आसपासची गावे उद्ध्वस्त केली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. भिंतींवरच्या तसबिरी कशा वाचणार? अशा आपत्तीनंतर गेलेल्या माणसाचा चेहरा परगावच्या नातलगाकडील एखाद्या लग्नाच्या छायाचित्रातच, तोही कडेला, सापडण्याची आशा उरते. सौंदर्यासाठी ती कड काळी केली असेल आणि मूळ प्रतही ठेवली नसेल, तर शोधणाऱ्याच्या हाती काय लागावे?

म्हणून अंधार घ्यावयाचा तर भिंतीकडून, पडद्याकडून, आकाशाकडून घ्यावा, माणसाकडून नव्हे. आणि मधला चेहरा खुलवावासा वाटलाच, तर त्याची निराळी प्रत काढावी. मूळ चित्र मात्र कडांसकट जपून ठेवावे. आज कडेला उभा असलेला माणूस उद्या कोणाच्या तरी घरात मध्यभागी असणार आहे.