चुकांचा अर्थसंकल्प

१९७५ ते १९८८ या काळात अमेरिकी सरकारने पवनऊर्जेच्या संशोधनावर सुमारे ४२ कोटी ७० लाख डॉलर खर्च केले. पश्चिम जर्मनीने १० कोटी ३० लाख, आणि डेन्मार्कने अवघे १ कोटी ९० लाख. तंत्रज्ञानाचे इतिहासकार माथियास हायमन यांनी हे आकडे शेजारी शेजारी मांडून या तीन देशांची तुलना केली. वर्षानुवर्षे फिरत राहणारी आणि बाजारात खपणारी पवनचक्की दिली ती यांतल्या सर्वांत कमी खर्च करणाऱ्या देशाने. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात पवनचक्क्यांची लाट आली, तेव्हा खुद्द अमेरिकेच्या डोंगरांवर डॅनिश यंत्रे मोठ्या संख्येने उभी राहिली.

यावरून ‘संशोधनाला पैसा लागत नाही’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. अर्थ खात्यांना तर तो फारच सोयीचा वाटतो. पण १ कोटी ९० लाख म्हणजे शून्य नव्हे. किती खर्च केला याइतकेच, त्या पैशातून नेमके काय विकत घेतले हेही महत्त्वाचे असते. आज समुद्रातील पवनऊर्जेसाठी भारत हजारो कोटींची तयारी करतो आहे, म्हणून हा जुना हिशेब पुन्हा तपासायला हवा.

अमेरिकेत हे काम नासाकडे गेले आणि बोइंगसारख्या विमान कंपन्या त्यात उतरल्या. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या देशाला पवनचक्की म्हणजे उभे केलेले विमानाचे पाते वाटले असेल, तर नवल नाही. आराखडा कागदावर परिपूर्ण करायचा आणि थेट मेगावॉटच्या आकाराचे यंत्र उभारायचे, अशी पद्धत होती. जर्मनीची ग्रोवियान ही पवनचक्की याच विचारातून जन्मली: ३ मेगावॉट क्षमता, १०० मीटर व्यासाचा पंखा, त्या काळातील जगातली सर्वांत मोठी. १९८३ ते १९८७ या काळात ती जेमतेम ४२० तास चालली. सांगाड्याला तडे गेले आणि १९८८ मध्ये ती उतरवली गेली.

डेन्मार्कची सुरुवात साधी होती. योहानेस यूल या विद्युत अभियंत्याने १९५७ मध्ये गेसर येथे २०० किलोवॉटची तीन पात्यांची पवनचक्की उभारली. ती दहा वर्षे चालली. तेलसंकटानंतर ती पुन्हा चालू करून तिची मोजमापे घेतली गेली, तेव्हा खर्चात अमेरिकी पैसाही होता. म्हणजे ज्यांच्याकडे सर्वाधिक निधी होता, तेही जुन्या, चाललेल्या यंत्राकडे शिकायला आले होते. पुढे १९७८ मध्ये रिसो येथील अणुसंशोधन केंद्राच्या आवारात पवनचक्क्यांचे एक छोटे चाचणी केंद्र सुरू झाले. १९७९ पासून पवनचक्की विकत घेणाऱ्याला सरकार ३० टक्के अनुदान देऊ लागले, पण अट अशी की ते यंत्र रिसोने तपासून मान्य केलेले हवे. या एका अटीने सगळे काही बदलले. शेतीची अवजारे बनवणारा कारखानदार अनुदानासाठी रिसोच्या दारात येई. तिथले अभियंते त्याचे यंत्र तपासत, दोष दाखवत, आणि एकाच्या दोषातून शिकलेले दुसऱ्याला सांगत. शिवाय पवनचक्की मालकांची संघटना आपल्या मासिकात कोणत्या यंत्राने किती वीज दिली आणि कोणते बिघडले, हे छापत असे. नापास झालेले यंत्र लपवायला जागाच नव्हती.

रघू गरुड आणि पेटर कार्नो या अभ्यासकांनी २००३ मधील एका निबंधात हा फरक नेमका मांडला. अमेरिका एकाच उडीत पलीकडे जाऊ पाहत होती. डॅनिश लोक हाताशी असलेल्या गोष्टी जोडत, मोडत, पुन्हा जोडत पुढे जात होते. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. डेन्मार्कच्या सरकारने आपल्या तुटपुंज्या पैशातून चुका विकत घेतल्या: लहान आकारात, लवकर आणि सर्वांसमोर. ग्रोवियानमध्येही चूकच झाली, पण ती प्रचंड होती, उशिरा कळली आणि एकदाच झाली. 

इथे एक प्रामाणिक आक्षेप आहे. जमिनीवर लहान सुरुवात करता येते. लोहाराच्या कारखान्यात बनवलेली २२ किलोवॉटची चक्की शेताच्या बांधावर उभी केली आणि पाते तुटले, तर नुकसान काही हजारांचे. समुद्रात एक खांब रोवायलाही खास जहाज लागते, तळाशी केबल टाकावी लागते आणि दुरुस्तीला जायचे तर लाटांची परवानगी लागते. तिथे ‘चुका करत शिकू’ म्हणणे परवडत नाही. मग डेन्मार्कचा धडा समुद्रात कसा चालवायचा?

१९९१ मध्ये डेन्मार्कच्याच लोलान बेटाजवळ, विंडेबी येथे, उथळ पाण्यात ४५० किलोवॉटच्या ११ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. जगातला हा पहिला समुद्री पवनप्रकल्प. तो २०१७ मध्ये उतरवला गेला. २५ वर्षांत सगळ्या मिळून त्यांनी सुमारे २४ कोटी ३० लाख युनिट वीज दिली, जी आजच्या मोजक्या पवनचक्क्या एका वर्षात देतात. पण विंडेबी किनाऱ्यापासून तीन किलोमीटरच्या आत होता, आणि तिथे वारा मोजणारे मनोरेही उभारले होते. पुढच्या पवनचक्कीला मागच्या पवनचक्कीमुळे किती कमी वारा मिळतो, हा पुढे अब्जावधींचा ठरलेला प्रश्न तिथेच मोजायला सुरुवात झाली. वीज हे विंडेबीचे दुय्यम उत्पन्न होते.

खऱ्या समुद्राने परीक्षा घेतली ती २००२ मध्ये उत्तर समुद्रातल्या हॉर्न्स रेव्ह येथे. २ मेगावॉटच्या ८० पवनचक्क्या, एकूण १६० मेगावॉट. दोन वर्षांतच ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटरमधल्या दोषांमुळे सगळ्या ८० यंत्रांच्या वरच्या पेट्या उतरवून किनाऱ्यावर आणाव्या लागल्या. हा खर्च यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने सोसला. पण पुढची चूक एका कंपनीची नव्हती. समुद्राच्या तळात ठोकलेल्या पोलादी खांबावर दुसरा नळकांड्यासारखा तुकडा बसवतात आणि मधली फट ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या मिश्रणाने, भरतात. २००९-१० च्या सुमारास युरोपात ठिकठिकाणी लक्षात आले की हा जोड हळूहळू घसरतो आहे. प्रत्येकाने मानकाप्रमाणेच बांधले होते. मानकच अपुरे होते. मग ज्या नॉर्वेजियन संस्थेने ते मानक लिहिले होते, तिच्याच पुढाकाराने कंपन्या एकत्र आल्या, चाचण्या झाल्या आणि मानक बदलले. आपापसात स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांना ही गोष्ट एकेकटीने सोडवता आली नसती, कारण घसरणारा जोड आपल्याकडेच आहे असे प्रत्येकीला वाटत होते.

जर्मनीने मात्र ग्रोवियानपासून धडा घेतला. २००३ मध्ये त्यांनी बोर्कुम बेटाच्या उत्तरेला भर समुद्रात फिनो-१ हा मनोरा उभारला. त्यावर पवनचक्की नव्हती. वारा, लाटा, खारी हवा, स्थलांतर करणारे पक्षी, एवढेच मोजायचे होते. त्याच्या शेजारी, साधारण ३० मीटर खोल पाण्यात, अल्फा व्हेंटुस हा ५ मेगावॉटच्या १२ पवनचक्क्यांचा चाचणी प्रकल्प २०१० मध्ये पूर्ण झाला. सरकारने वेगळा निधी देऊन तिथे संशोधनाचा कार्यक्रम चालवला. पहिल्याच वर्षी काही यंत्रांच्या गिअरबॉक्समधली बेअरिंगे बिघडली. पण या वेळी बिघाड मोजायला यंत्रे आणि माणसे हजर होती. खांब ठोकताना होणाऱ्या आवाजाचा समुद्री सस्तन प्राण्यांना त्रास होतो. म्हणून तळाशी छिद्रांची नळी टाकून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा करायचा, ही युक्ती जर्मनीच्या पाण्यातल्या अशाच प्रयोगांतून पुढे आली आणि मग नेहमीच्या कामात रुजली.

ब्रिटनचे उदाहरण याहून बोलके आहे. समुद्रात खांब किती खोल ठोकायचा, याचे गणित तेलउद्योगाकडून आले होते. तेलाच्या फलाटांचे खांब बारीक आणि लांब असतात. पवनचक्कीचा खांब रुंद आणि आखूड. तरी वर्षानुवर्षे तेच सूत्र वापरले जात होते. ऑक्सफर्ड, इम्पिरियल कॉलेज आणि डब्लिनच्या विद्यापीठांनी कंपन्यांबरोबर पिसा नावाचा प्रकल्प राबवला. इंग्लंडमधल्या काउडेन इथल्या चिकणमातीत आणि फ्रान्समधल्या डंकर्कच्या वाळूत, म्हणजे जमिनीवरच, निरनिराळ्या आकारांचे खांब ठोकून ते ओढून पाहिले. जुने सूत्र गरजेपेक्षा जास्त पोलाद मागते, असे दिसले. निष्कर्ष खुले प्रसिद्ध झाले. एका कंपनीने ते दडवून ठेवले असते, तर तिला पोलाद थोडे स्वस्त पडले असते; सर्वांना मिळाले म्हणून सगळ्या उद्योगाचा पाया हलका झाला. समुद्रात चूक महाग पडते, म्हणून ती जमिनीवर आधी करून पाहायची: डॅनिश धड्याचा समुद्री अवतार हाच.

संशोधन म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही ब्रिटननेच दाखवले. २०१५ च्या लिलावात मेगावॉट-तासाला ११४ पौंडांच्या वर असलेला दर २०१९ मध्ये ४० पौंडांच्या आसपास आला. आणि २०२३ मध्ये पोलाद आणि व्याज महागल्यावर सरकारच्या कमाल दरात समुद्री पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये केंद्र सरकार आणि न्यू यॉर्क राज्याने मिळून समुद्री पवनऊर्जेसाठी संशोधन संघ उभा केला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने समुद्रातील नवे पवनपट्टे देणेच थांबले. ज्ञान हवे, आणि ते वापरायला बाजारही टिकायला हवा.

आता आपल्याकडे वळू. भारताने २०१५ मध्ये समुद्री पवनऊर्जा धोरण जाहीर केले. २०१८ मध्ये उद्दिष्ट ठरले: २०२२ पर्यंत ५ गिगावॉट, २०३० पर्यंत ३० गिगावॉट. २०२२ उलटून गेले आणि आपल्या समुद्रातून विजेचे एक युनिटही ग्रिडला मिळाले नाही. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्यातले ६,८५३ कोटी गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉट उभारण्यासाठी, तूट भरून काढणारे अनुदान म्हणून. ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. याउलट, नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या संशोधन कार्यक्रमाला २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांत मिळून २२८ कोटी ठेवले होते, आणि त्यात सौर, जैव, पवन सगळेच आले.

‘यंत्रे आयात करता येतात, मग संशोधन कशाला?’ सौरऊर्जेत हा युक्तिवाद बऱ्याच अंशी खपला. राजस्थानच्या वाळवंटातले पॅनेल आणि स्पेनमधले पॅनेल सारखेच काम करते. समुद्राचे तसे नाही. उत्तर समुद्रात वादळे हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्यात दुरुस्तीला वाट मोकळी होते. आपल्याकडे वारा सर्वाधिक असतो तो जून ते सप्टेंबर, आणि त्यातल्या सुरुवातीच्या महिन्यांत समुद्र इतका खवळलेला असतो की पश्चिम किनाऱ्यावर मासेमारीच बंद असते. म्हणजे जेव्हा वीज सर्वाधिक मिळायची, तेव्हा बिघडलेल्या पवनचक्कीपर्यंत जाताच येणार नाही. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या घरात जातो, प्रवाह वेगवान आहेत आणि तळाशी मऊ गाळ आहे. मे २०२१ मधल्या तौक्ते चक्रीवादळाने मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडवला आणि पुढे गुजरातचा किनारा झोडपला. युरोपातल्या यंत्रांची रचना अशा वाऱ्यासाठी झालेली नाही. हे सगळे प्रश्न सोडवून देणारी कंपनी बाजारात मिळत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये पिपावावजवळ खांबावर लेझरवर चालणारे लायडार उपकरण बसवून वारा मोजायला सुरुवात झाली, ती योग्य पायरी होती. पण जर्मनीने फिनो-१ धरून तीन मनोरे उभारले, तर आपल्याला दोन समुद्रांसाठी किती लागतील?

यात महाराष्ट्राचा वाटा काय? पहिल्या टप्प्यात आपल्या किनाऱ्याला स्थान नाही, पण ज्ञान इथे आहे. १९७४ मध्ये सागर सम्राटने मुंबई हायला तेल शोधले, तेव्हापासून अरबी समुद्राच्या तळात खांब ठोकण्याचा अनुभव तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाकडे (ओएनजीसी) साठला आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती करून लाटा अभ्यासण्याची परंपरा आहे. शेजारच्या गोव्यात दोनापावल्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून याच समुद्राचा अभ्यास करते आहे. आणि सातपाटी-वसईचे कोळी डोल जाळी लावण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात खुंट रोवत आले आहेत. कुठे तळ धरतो आणि कुठे सोडतो, भरतीचा जोर कुठे वळतो, हे त्यांना ठाऊक आहे. पवनचक्क्यांचे पट्टे आखताना त्यांना फक्त ‘बाधित’ म्हणून नोंदवणे हा अन्यायही आहे आणि मूर्खपणाही.

यासाठी हजारो कोटी लागत नाहीत. अनुदानाच्या करारातच एक अट घालता येईल: सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने वाऱ्याच्या, लाटांच्या, तळाच्या आणि बिघाडांच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर खुल्या करायच्या. ६,८५३ कोटींतले शेकडा दोन बाजूला काढले, तरी १३७ कोटी होतात. तेवढ्यात मऊ गाळात खांब ठोकून पाहण्याचे प्रयोग होतील, आणखी मनोरे उभे राहतील आणि पहिल्या काही पवनचक्क्या निव्वळ वीजनिर्मितीसाठी न राहता चाचणीसाठीही वापरता येतील. रिसोची अट अशीच होती: पैसा घ्या, पण तपासू द्या.

यातला अडथळा तांत्रिक नाही. आपल्याकडे फसलेला प्रयोग म्हणजे लेखापरीक्षणाचा आक्षेप. त्यामुळे अधिकारी अशाच प्रकल्पाला निधी देतात, ज्याचे यश आधीच ठरलेले असते. आणि ज्याचे उत्तर आधी ठाऊक असते, त्याला संशोधन म्हणत नाहीत. सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ०.६४ टक्के रक्कम संशोधनावर खर्च करणाऱ्या देशाने निधी वाढवायला हवाच. पण त्याबरोबर फसण्याची तरतूद केली नाही, तर वाढीव पैशातूनही लहानमोठे ग्रोवियानच उभे राहतील.

भारताच्या समुद्रात पहिली पवनचक्की कधी फिरणार, हा प्रश्न संसदेत विचारला जातो आणि जाईल. त्याच्या जोडीला आणखी एक विचारायला हवा: ती बिघडली, तर का बिघडली हे कोणाकोणाला कळणार? याचे उत्तर ‘फक्त कंपनीला’ असे असेल, तर आपण करदात्यांच्या पैशाने वीज विकत घेतली आणि विद्या कंपनीकडेच राहू दिली. मग दुसरा प्रकल्पही पहिल्याइतकाच महाग पडेल, आणि तेव्हा दोष वाऱ्याला देता येणार नाही.