चौकटीतला चेहरा

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात आम्ही कामानिमित्त गेलो होतो. स्वागतकक्षाच्या भिंतीवर एका वृद्ध धनगराचे मोठे तैलचित्र होते. लाल पागोटे, खांद्यावर घोंगडे, उन्हाने रापलेल्या कपाळावरची एकेक सुरकुती हुबेहूब. चित्रकार आजचाच; प्रदर्शनातून सव्वा लाखाला घेतले, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. आम्ही मनापासून दाद दिली. त्याच वेळी काचेपलीकडे, फाटकाशी, तसाच एक म्हातारा प्यायला पाणी मागत होता आणि पहारेकरी त्याला पुढच्या टपरीची वाट दाखवीत होता. आम्हांला ते दिसले. तरी आम्ही चित्रच पाहत राहिलो.

चित्र विकण्यात पाप नाही. चित्रकारालाही पोट आहे, आणि आपल्याकडे त्याची काळजी फारसे कुणी वाहत नाही. गोव्यातील सांगे येथे १८७० साली जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले, तेथेच त्यांनी शिकविले, आणि मोबदला घेऊन लोकांची व्यक्तिचित्रेही रंगविली. १९२० साली त्यांच्या ज्या तैलचित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, त्यात मात्र त्यांची पत्नी फ्लोरेंतिना आहे. तिचे नाव आजही आपल्याला ठाऊक आहे. कारखान्यातल्या चौकटीखाली नुसते ‘धनगर’ एवढेच लिहिले होते. नाव होते ते कोपऱ्यात, चित्रकाराचे.

कायद्यालाही हा चेहरा दिसत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे जातो. १९९४ च्या दुरुस्तीने, मूळ चित्र दहा हजारांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेल्यास चित्रकारासाठी त्यात वाटा ठेवला. तो फार तर दहा टक्के. समोर बसणाऱ्याला काही नाही. त्याला दिवसाची मजुरी मिळाली असेल, आणि व्यवहार म्हणून तेवढे पुरेही असेल. पण हुबेहूब चित्र ही एक साक्ष असते: हा माणूस आहे, आणि असा आहे. ती साक्ष विकत घेऊन भिंतीवर लावणारा, आणि तिच्यापुढे उभे राहून माना डोलावणारे आमच्यासारखे, तेवढ्याने मोकळे होतात काय? नुसत्या रंगांचे अमूर्त चित्र असते तर हा प्रश्न आम्हांला पडलाच नसता.

परतताना तो म्हातारा रस्त्याकडेच्या बाभळीखाली मेंढरांजवळ बसलेला दिसला. गाडी थांबवून आम्ही पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारले, “बाबा, नाव काय तुमचं?”

त्याने बाटली घेतली, सावकाश पाणी प्याला.

“नाव कशाला पायजे?”

आम्हांला उत्तर सुचले नाही.