झाकून ठेवलेलं ताट

रात्रीची आवराआवर झाली की थोडा वेळ बसा. भिंतीला पाठ टेकली तरी चालेल, डोळे मिटायलाच हवेत असं नाही. उजवा तळहात उजव्या बरगड्यांवर, अगदी खालच्या कडेला ठेवा. आत यकृत आहे, साधारण दीड किलोचं. त्याचा ठोका जाणवत नाही. बिघडलं तरी ते बराच काळ दुखत नाही. हाताखालचा श्वास वरखाली होऊ द्या.

आता त्या माणसाला आठवा, जो रोज पितो. नात्यातला, शेजारचा, कुणीही. तुम्ही स्वतःच पीत असाल, तर स्वतःला आठवा. त्याची उधारी, मोडलेल्या शपथा, घरातली भांडणं खरी आहेत. पण एवढा वेळ ती बाजूला राहू देत. फक्त त्याचं ताट पाहू. आमटी, भाकरी, थोडी पालेभाजी, वर उपडी घातलेली थाळी. तो उशिरा येतो, ‘भूक नाही’ म्हणतो आणि तसाच आडवा होतो. त्याचं हे म्हणणं बहुतेक वेळा खरं असतं.

व्हिस्कीच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीमध्ये, सुमारे 60 ग्रॅम अल्कोहोल असतं. दर ग्रॅमला 7 कॅलरी धरल्या, तर चारशेच्या वर जातात. चार चपात्यांइतकी ऊर्जा पोटात गेली, म्हणून भूक मरते. पण त्यात प्रथिनं नाहीत, जीवनसत्त्वं नाहीत. शरीराला अल्कोहोल साठवून ठेवता येत नाही. यकृत बाकीची कामं मागे सारून आधी तेच निपटतं. चरबी जाळायची राहते आणि यकृतातच साचते. काही जणांमध्ये पुढे सूज येते, मग व्रण पडतात, मग सिरॉसिस. कावीळ होते, पोटात पाणी भरतं.

इथे घाई करू नका. पुढे आलेलं पोट आणि वाळलेले दंड, हे एकाच शरीरावर एकत्र पाहा. लोक म्हणतात, पिऊन सुटलाय. खरं तर तो उपाशी आहे.

जे दोन घास तो खातो, तेही पुरते अंगी लागत नाहीत. आतड्याला फोलेट आणि बी-1 नीट शोषता येत नाही, मॅग्नेशियम लघवीवाटे निघून जातं. बी-1 म्हणजे थायमिन. त्याचा शरीरातला साठा मुळातच तुटपुंजा, फार तर तीस मिलिग्रॅम. आहारातून मिळालं नाही, तर दोन-तीन आठवड्यांत तो संपत येतो. डाळीत, शेंगदाण्यात, हातसडीच्या तांदळात ते असतं. झाकलेल्या त्या आमटीतही होतं.

1881 साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी तीन रुग्णांची हकिकत लिहिली. तिघांचेही डोळे नीट फिरत नव्हते, तोल जात होता, भान हरपत होतं. दोघे दारू पिणारे पुरुष होते. तिसरी एक शिवणकाम करणारी तरुणी. ती दारूमुळे आजारी पडली नव्हती. गंधकाम्ल पोटात गेल्यानंतर तिला उलट्या लागल्या होत्या आणि अन्न टिकत नव्हतं. तिघेही दगावले. बी-1 तेव्हा कुणाला माहीतच नव्हतं. त्या मुलीपाशी मन थोडं थांबू द्या. तिच्याकडे पाहताना आपल्याला राग येत नाही. बी-1 अभावी झालेली मेंदूची उपासमार मात्र तिघांची सारखीच होती.

म्हणून रोज पिणारा माणूस अचानक बरळू लागला, अडखळू लागला, तर ‘चढलीय, झोपू दे’ म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात न्या. तिथे आपण ‘सलाईन लावा’ म्हणून मागे लागतो. त्याआधी तो किती पितो आणि किती दिवस धड जेवला नाही, हे डॉक्टरांना सांगा. बी-1 न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं, तर वेर्निकेंनी पाहिलेला तो आजार उफाळू शकतो. लाजेपोटी लपवलेली माहिती इथे स्मरणशक्तीवर, कधी जिवावरही बेतते.

आता हात पुन्हा बरगड्यांवर न्या. पिणं थांबलं, तर नुसती चरबी साचलेलं यकृत काही आठवड्यांत सुधारू लागतं. सिरॉसिस झालेल्यालाही दारू सोडल्याचा आणि पोटभर जेवण्याचा फायदा होतो. पण बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणं धोक्याचं आहे: झटके येतात, भास होतात, माणूस दगावूही शकतो. पुण्यात 1986 पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात किंवा सरकारी रुग्णालयात, औषधांच्या आधाराने हे करता येतं. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन 14446 आहे, तिला पैसे पडत नाहीत. उद्या सकाळी, तो शुद्धीत असताना, त्याला आधी नाश्ता वाढा आणि मग हा फोन त्याच्याबरोबर बसून लावा.