आसनाचे बदलते स्थान

योग म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आसनेच येतात, आणि आसनांच्याही अय्यंगार, अष्टांग विन्यास, शिवानंद, विनियोग अशा निरनिराळ्या पद्धती सांगितल्या जातात. पतंजलीच्या योगसूत्रांत मात्र आसन हे आठ अंगांपैकी तिसरे अंग आहे आणि जवळजवळ दोनशे सूत्रांच्या त्या ग्रंथात त्याच्या वाट्याला अवघी तीन सूत्रे आली आहेत. ध्यानाला बसणाऱ्याचे शरीर स्थिर असावे, त्याला त्रास होऊ नये आणि शीतोष्णासारख्या द्वंद्वांनी तो विचलित होऊ नये, एवढीच तेथे आसनाकडून अपेक्षा आहे. साधनेचा एवढासा भाग पुढे जवळजवळ संपूर्ण साधना कसा झाला, हे पाहिल्याशिवाय आजच्या पद्धतींतील भेद नीट उलगडत नाहीत.

पहिला मोठा बदल हठयोग्यांनी घडवला. शरीर हा ध्यानातील अडथळा नसून सिद्धीचे साधन आहे, ही भूमिका नाथपरंपरेने घेतली, आणि त्याच परंपरेतून आलेल्या ज्ञानेश्वरांनी इ. स. 1290 मधील आपल्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आसन, बंध आणि कुंडलिनीचे जागरण यांचे सविस्तर वर्णन केले. बंध म्हणजे कंठ, उदर व गुदद्वार यांच्या आकुंचनाने प्राण आवरून धरण्याची क्रिया. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामाने हठप्रदीपिकेत आसनाला पहिले स्थान देऊन पंधरा आसने सांगितली. त्यांतील मयूरासनासारखी काही आसने ध्यानाला बसण्यासाठी नाहीतच. जठराग्नी प्रदीप्त करणे, रोग दूर करणे अशी फळे त्यांना जोडलेली आहेत. आसनाचा आरोग्याशी संबंध आधुनिक काळातच जोडला गेला, हा समज म्हणूनच टिकत नाही.

विसाव्या शतकात या कल्पनेला जे वळण मिळाले, त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. परमहंस माधवदास यांच्या दोन शिष्यांपैकी योगेंद्र यांनी 1918 मध्ये मुंबईत ‘योग इन्स्टिट्यूट’ सुरू करून गृहस्थाश्रमी माणसाला झेपेल असा सोपा योग शिकवला, तर स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत नेल्या. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू आकुंचित करून फिरवण्याची क्रिया, करताना आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी उपकरणांनी मोजले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून प्रसिद्ध केले. परंपरेतील विधानही मोजून पाहावे, हा त्यांचा आग्रह अतिशय मोलाचा होता. त्याच्या तुलनेने आजचे कितीतरी योगप्रचारक फार सैल बोलतात. याच सुमारास औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा प्रसार करत होते. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांतील आसनांत सूर्यनमस्कार नव्हते, तरी पुढे अनेक योगवर्गांचा आरंभ त्यांनीच होऊ लागला.

पद्धतींमधील भेदाचे मूळ सर्वांत स्पष्ट दिसते ते म्हैसूरच्या कृष्णमाचार्यांच्या चरित्रात. 1930 च्या दशकात तेथील राजाश्रयाने चालणाऱ्या योगशाळेत त्यांच्यापुढे प्रामुख्याने तरुण मुले होती आणि त्यांना दिलेला अभ्यास वेगवान व श्रमाचा होता. प्रत्येक हालचाल श्वासाशी जोडून एका आसनातून दुसऱ्यात जाण्याच्या या रीतीला विन्यास म्हणतात. त्यांचे शिष्य पट्टाभि जोइस यांनी तिला ठरावीक क्रमात बांधून अष्टांग विन्यास पद्धत रूढ केली. ती दमसास, लवचीकपणा आणि एकाग्रता देते, पण थकलेल्या किंवा दुखऱ्या सांध्यांच्या माणसाने तिच्यापासून आरंभ करू नये. पुढे मद्रासला आल्यावर कृष्णमाचार्यांकडे वयस्क आणि आजारी माणसेही येऊ लागली, तेव्हा त्याच गुरूने प्रत्येकाचे वय, प्रकृती आणि व्यवसाय पाहून वेगळा अभ्यास द्यायला सुरुवात केली. पुत्र देशिकाचार यांनी पुढे नेलेली ही धारा विनियोग या नावाने ओळखली गेली.

कृष्णमाचार्यांचे मेहुणे व शिष्य बी. के. एस. अय्यंगार लहानपणी क्षय, हिवताप व विषमज्वराने खंगलेले होते आणि 1937 मध्ये ते योगशिक्षक म्हणून पुण्यात आले. दुबळ्या शरीराचा अनुभव घेतलेल्या या शिक्षकाने आसनात दीर्घकाळ थांबणे, पावलापासून मानेपर्यंत प्रत्येक अवयवाची ठेवण सूक्ष्मपणे तपासणे आणि जे शरीराला अजून साधत नाही त्यासाठी दोर, पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची, लोड यांचा आधार घेणे, अशी पद्धत घडवली. आधारामुळे आसन सोपे होते एवढाच तिचा लाभ नव्हे. ताण न घेता स्थिर राहता येते, आणि पतंजलीने ज्या स्थैर्याची व सुखाची अपेक्षा केली होती ती वृद्ध व रुग्ण यांच्याही आवाक्यात येते. 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने ही पद्धत जगभर पोचवली. हृषीकेशच्या शिवानंदांच्या परंपरेने मात्र आसनांबरोबर प्राणायाम, विश्रांती, भजन आणि सेवा यांनाही जागा ठेवली, त्यामुळे भक्तीकडे ओढा असलेल्यांना ती जवळची वाटते.

या सर्व पद्धतींत श्रेष्ठ कोणती, हा वाद निष्फळ आहे, कारण प्रत्येक पद्धत कोणत्या तरी विशिष्ट साधकांकडे पाहून घडली आहे. अभ्यास सुरू करणाऱ्याने पद्धतीच्या कीर्तीपेक्षा आपले वय, आपली व्याधी आणि आपला हेतू आधी पाहावा, आणि ते विचारून घेतल्याशिवाय सर्वांना एकच अभ्यास देणाऱ्या शिक्षकाकडे जाऊ नये.